कलमकाका

"काका, यंदा कलमं कशी आहेत?" असं आमच्या गावात कोणी विचारलं, की कलमकाका आधी "कुठली?" म्हणतात. घरामागे हापूसची चाळीसेक कलमं आहेत आणि घरात, लोखंडी कपाटात, तालुक्यातल्या बहुतेक संस्थांच्या घटनांची. दोन्हींवर जीव सारखाच. त्यामुळे विचारणाऱ्याच्या मनात आंबा असला तरी पुष्कळदा उत्तर येतं, "सातवं अजून कच्चं आहे."

काका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. खिशात दोन पेनं: निळं लिहायला, लाल खोडायला. निळ्याची रिफिल वर्षभर पुरते, लालची महिन्याला बदलावी लागते. असा माणूस फक्त आमच्याकडेच आहे असा माझा दावा नाही. तुमच्या सोसायटीत, ज्येष्ठ नागरिक संघात, नाट्यमंडळात तो असणारच. सगळे "घ्या हो पुढचा विषय" म्हणत असताना जो हात वर करून "एक मिनिट, इथे एक मेख आहे" म्हणतो, तो हा. ते एक मिनिट संपेपर्यंत चहा दोनदा गरम करावा लागतो.

आम्ही अकरा जण. दोन कपाटं पुस्तकं, ती रविवारी रिक्षात घालून वाड्यावाड्यांवर न्यायची, पोरांना वाटायची, पुढच्या रविवारी जमतील तेवढी परत आणायची, एवढाच उद्योग. (संस्थेचं नाव इथे देत नाही. ते छापायला देण्याआधी कार्यकारिणीची लेखी परवानगी लागते, कलम १९. कार्यकारिणीची परवानगी मिळवणं किती सोपं आहे ते पुढे कळेलच.) सगळं सुखात चाललं होतं. मग गणपतीला गावी आलेल्या एका चाकरमान्याने पंचवीस हजार रुपये देऊ केले आणि वर म्हणाला, "पावती तेवढी द्या." आमच्याकडे पैसे ठेवायला बिस्किटांचा डबा होता. डब्याच्या नावाने पावती फाडता येत नाही. "मग नोंदणी करून टाकू की," असं कोणीतरी बोलून गेलं. तेव्हा काका तिथे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते माझ्या ओटीवर होते, काखेत फाईल.

"सात माणसं पुरतात. १८६० चा कायदा, नंबर २१."

हा कायदा साहित्यिक, शास्त्रीय आणि धर्मादाय संस्थांच्या नोंदणीसाठी आहे. त्याच साली ४५ नंबरने भारतीय दंड संहिता आली. म्हणजे चोर आणि समाजसेवक या दोघांचा बंदोबस्त सरकारने एकाच वर्षात उरकला, आणि आधी समाजसेवकांचा. दंड संहिता १ जुलै २०२४ ला निवृत्त झाली. २१ नंबरचा कायदा अजून कामावर आहे. काकांना या गोष्टीचा अभिमान वाटतो, जणू दोघं एकाच बॅचचे.

घटनेचा पहिला मसुदा आम्ही, सगळे करतात तसाच, विकत आणला. जिल्ह्याच्या ठिकाणी टायपिंगच्या टपऱ्या असतात, तिथे तयार साचा मिळतो. नाव बदलायचं, पत्ता बदलायचा, झाली घटना. आमच्या साच्यात उद्दिष्टं छत्तीस होती. वृक्षारोपण, व्यसनमुक्ती, सामुदायिक विवाह, मूकबधिरांसाठी वसतिगृह, आणि एकविसाव्या क्रमांकावर कुक्कुटपालन. पुस्तकांचा उल्लेख चौतिसाव्या उद्दिष्टात "इ." च्या आधी होता. शिवाय टायपिंगवाल्याने मतदानाच्या कलमात एक ऋकार जास्त दिला होता, त्यामुळे प्रत्येक सभासदास एका मृताचा अधिकार मिळाला होता.

काकांनी लाल पेन काढलं. पाऊण तासात छत्तिसातली एकतीस उद्दिष्टं गेली. कोंबड्यांपाशी पेन थांबलं.

"काढा ना काका," आमच्या वहिनी म्हणाल्या. डबा त्यांच्याकडे असायचा.

"काढायला एक मिनिट. पण उद्या लागल्या तर?"

"आपल्याला? कोंबड्या?"

मग काकांनी २१ नंबरच्या कायद्याचं कलम १२ सांगितलं. संस्थेचा हेतू एकदा नोंदला गेला की बदलायचा म्हणजे प्रस्ताव लेखी किंवा छापील, दहा दिवस आधी सभासदांच्या हातात, विशेष सभेत तीन पंचमांश मतं, आणि एक महिन्याने दुसरी सभा घेऊन पुन्हा तीन पंचमांश. लोक पहिल्याच दिवशी विवाहापासून वसतिगृहापर्यंत सगळं का लिहून ठेवतात, ते मला त्या दिवशी समजलं. नंतर मागण्यापेक्षा आधीच पानात वाढून घेतलेलं बरं. कोंबड्या राहिल्या, त्यांच्या एकविसाव्या क्रमांकासकट. काकांना ते आवडलं नव्हतं, पण जोखीमही घेववत नव्हती. नोंदणी झाल्यावर आपण स्वतः दुरुस्ती आणून त्या काढू, असं त्यांनी मनाशी ठरवलं असावं.

पुढचे सात महिने दर शनिवारी मसुद्याचं वाचन. बँकेच्या खात्याचं कलम आलं: "खाते अध्यक्ष व चिटणीस किंवा खजिनदार यांच्या सहीने चालविण्यात येईल." आम्ही पुढे सरकणार इतक्यात हात वर.

"एक मिनिट. इथे मेख आहे."

काकांनी कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या पोराला हाक मारली. "बाळा, समज, पाटीवर लिहिलंय, चहा व भजी किंवा वडा, तीस रुपये. मी वडा घेतला. चहा देशील की नाही?"

पोरगा विचारात पडला. "मालकाला विचारून येतो."

"बघा!" काका आमच्याकडे वळले. "आपल्याकडे मालक कोण? म्हणजे खजिनदार एकटा सही करून सगळे पैसे उचलणार, आणि वर म्हणणार, मी वडा घेतला!" पोरगा तेवढ्यात परत आला. मालक म्हणाले, वडा घेतला तर चहाचे वेगळे. काकांचा चेहरा असा उजळला की जणू हायकोर्टाने निकाल दिला. कलम झालं: "अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघांच्या संयुक्त सहीने." खरं सांगायचं तर हे कलम उत्तम आहे. आपल्या मंडळाच्या घटनेत जुनं असेल तर आजच बघून घ्या.

"मी वडा घेतला" म्हणणारा तो खजिनदार कोण, हे मात्र आम्हाला कधी कळलं नाही. काका त्याला नुसतं "तो" म्हणत. "उद्या तो आला तर?" "तो म्हणेल, नोटीस मिळालीच नाही." "तो ह्याच दारातून आत शिरेल," हे "ऐनवेळी येणारे विषय" या शब्दांवर लाल रेघ मारताना. होता होता आम्हालाही तो दिसायला लागला. सफारी, हातात ब्रीफकेस, आमच्या दोन कपाटांवर आणि डब्यातल्या तीन हजारांवर डोळा ठेवून एस्टी स्टँडवर दबा धरून बसलेला. घटनेतली बहुतेक कलमं त्याच्यासाठी आहेत. आम्हा अकरा जणांच्या वाट्याला एकच आलं, वार्षिक वर्गणी शंभर रुपयांचं, आणि ते चर्चेविना मंजूर झालं.

एकदा अध्यक्ष वैतागून म्हणाले, "अहो काका, देशाची घटना तीन वर्षांत झाली!"

"तीन नाही, दोन वर्षं अकरा महिने," काका म्हणाले. "सात हजार सहाशे पस्तीस दुरुस्त्या आल्या होत्या. त्यातल्या दोन हजार चारशे त्र्याहत्तर मांडल्या गेल्या. आणि त्यांच्याकडे टायपिस्ट चांगले होते."

विश्वस्त वारला किंवा बदलला तर काय, या प्रश्नावर काका फार हळवे होतात. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे असा बदल नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कळवावा लागतो. कोणी कळवत नाही. म्हणून गावोगावच्या संस्थांच्या परिशिष्ट एकवर असे विश्वस्त विराजमान असतात, ज्यांच्या फोटोचा हारसुद्धा आता सुकलाय. "घरी माणसाचा दहावा करता, बारावा करता, तेरावा करता," काका म्हणतात, "संस्थेत नव्वदावा नको करायला?" कोणाच्या मयताला गेले तरी स्मशानातून परतताना चिटणिसाला बाजूला घेऊन तारखेची आठवण करून देतात. लोकांना राग येतो. पण ज्या संस्थांनी काकांचं ऐकलं त्यांचे कागद सरळ आहेत, आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांची पोरं आता वकिलांकडे खेटे घालताहेत, हेही दिसतं.

नोंदणी झाली. कशी झाली ते लिहीत नाही. तीन खेपा, दोन त्रुटी आणि झेरॉक्सचे पैसे.

आता कोरम. घटनेतला शब्द गणपूर्ती. अकरातले पाच हवेत. नसतील तर सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी, त्याच विषयपत्रिकेवर घ्यावी, आणि त्या सभेस गणपूर्तीची अट राहणार नाही. हे कलम महाराष्ट्रातल्या बहुधा प्रत्येक संस्थेत सापडेल, आणि याचा परिणामही सगळीकडे सारखाच: पाचची सभा असली की लोक साडेपाचला घरून निघतात.

आमची पहिली सभा पाचला होती. आम्ही चौघं शाळेच्या वर्गात, पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेलो. काकांनी घड्याळ पाहिलं आणि "गणपूर्तीअभावी सभा तहकूब" असं जाहीर केलं. आम्ही तिथेच बसून राहिलो, कारण अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी यायचं होतं. पुस्तकांच्या कपाटाला वाळवी लागल्याचं मी बोलायला गेलो.

"तो विषय पत्रिकेवर आहे. तहकुबीत नको."

मग आम्ही पावसाबद्दल बोललो. काकांनी खिशातून कलमांचा चाकू काढला आणि कोय कलमाला पाचर कशी द्यायची ते पेन्सिलीवर करून दाखवलं. खुंट आणि काडी यांचे काप एकमेकांत नीट बसले पाहिजेत, मधे हवा राहिली की कलम मेलं. फार सुरेख दाखवलं. पाच वाजून अठ्ठावीस मिनिटांनी पाचवे गृहस्थ दारात उभे राहिले. काकांनी त्यांना हातानेच थोपवलं. "दोन मिनिटं बाहेर थांबा. तुम्ही आत आलात तर गणपूर्ती होईल, मग ही सभा मूळची की तहकुबीनंतरची?" ते पाचवे गृहस्थ व्हरांड्यात जे गेले ते पुढे कित्येक सभांना आले नाहीत. साडेपाचला आम्ही चौघं त्याच बाकांवर पुन्हा जमलो आणि वाळवीवर ठराव केला.

मग गेल्या सप्टेंबरातली वार्षिक सभा. तिला जोडून विशेष सभा, विषय एकच: उद्दिष्ट क्रमांक २१ वगळणे. काका आठ दिवस हवेत होते. छापील प्रस्ताव घरोघर स्वतः सायकलवरून देऊन पोचपावत्या घेतल्या. तीन पंचमांश म्हणजे अकरात सात, म्हणून वहिनींना सांगून मिसळीचा बेत ठेवला. मिसळीला मान देऊन अकराच्या अकरा जण पाचच्या ठोक्याला हजर. व्हरांड्यातले गृहस्थसुद्धा. काकांनी हजेरीपट काढला, शेजारी वर्गणीचं पावतीपुस्तक ठेवलं, आणि नावं ताडून बघता बघता त्यांचा हात सावकाश थांबला.

पुस्तकात पावती एकच फाडलेली होती. नंबर एक, तारीख १ एप्रिल, नाव त्यांचंच.

"वर्गणी कोणीच भरली नाही?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाला वाटत होतं, शंभर रुपये तर आहेत, नंतर देऊ. वहिनींना वाटत होतं, आपल्याच माणसांकडे काय मागायचं. काकांनी चष्मा काढून पुसला. "१८६० च्या कायद्याचं कलम १५," ते म्हणाले. "वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली, तर त्याला मत नाही. नुसतं मत नाही असं नाही, तो सभासद म्हणून मोजायचाच नाही."

"मग आता सभासद कोण?"

काका बोलले नाहीत. पावतीपुस्तक बोलत होतं.

"अहो, मग झालंच की काम!" अध्यक्ष, म्हणजे काही मिनिटांपूर्वीपर्यंत अध्यक्ष असलेले, म्हणाले. "तुम्ही एकटेच सभासद. तीन पंचमांश कशाला, शंभर टक्के! काढा त्या कोंबड्या. एकमताने."

काकांच्या हातात लाल पेन होतं. टोपण काढलेलं. मी अगदी समोर होतो, म्हणून सांगतो, पेनाचं टोक एकविसाव्या ओळीवर टेकलं होतं आणि कागदावर लाल ठिपका हळूहळू मोठा होत होता.

मग त्यांनी टोपण लावलं. "विलायतेत असंच झालं होतं, निकाल १८७६ चा. खाण कंपनीची सभा, भागधारक एकटाच आला. तोच अध्यक्ष झाला, त्यानेच ठराव केले. कोर्टाने सांगितलं, एका माणसाची सभा होत नाही." थोडा वेळ गेला. "आणि वर त्याने काय केलं माहीत आहे? अध्यक्षांचे आभार मानण्याचाही ठराव केला. स्वतःचेच!" काकांना त्या माणसाचा अजून राग होता.

आम्ही पाकिटं काढली. काका म्हणाले, वर्गणी आज भरा, पावती आज देतो, पण नोटीस बजावली त्या दिवशी तुम्ही सभासद म्हणून मोजण्यात नव्हता, तेव्हा सभा पुन्हा. दहा पावत्या त्यांनी निळ्या पेनाने लिहिल्या. वहिनींनी मिसळ वाढली. काकांनी पाव घेतला नाही, म्हणाले, इतिवृत्त लिहायचंय, हात तेलकट होतील.

ते इतिवृत्त माझ्यासमोर आहे. अक्षर मोत्यासारखं. "उपस्थित सभासद: १. अन्य उपस्थित: १०. विषय क्र. १ ते ५: सभा होऊ न शकल्याने चर्चा झाली नाही. विषय क्र. ६, उद्दिष्ट २१ वगळणे: सबब वरीलप्रमाणे. विषय क्र. ७, आभारप्रदर्शन: ज्यांनी मानायचे ते सभासद नसल्याने व ज्याचे मानायचे तो एकटाच सभासद असल्याने, विषय पुढील सभेवर ठेवण्यात आला."