आधी नाव तरी विचारा

१० ऑक्टोबर आला की कंपन्यांमध्ये हिरव्या फिती लागतात. जागतिक मानसिक आरोग्य दिन. सभागृहात व्याख्यान होतं, पुरुषांना सांगितलं जातं की मन मोकळं करा, रडायला लाजू नका, बोला. ऐकायला असतात ऑफिसातले आणि पर्मनंट. कंत्राटी पोरगा त्या वेळी लाइनवर उभा असतो. व्याख्यानासाठी लाइन थांबत नाही.

व्याख्यानाला माझी हरकत नाही. ‘पुरुष बोलतच नाहीत’ या पालुपदाला आहे. बोलायला समोर कुणीतरी लागतं. ओळखीचं, आणि उद्याही तिथेच असणारं. असं माणूस कामाच्या जागी आपण टिकूच देत नाही, आणि वर न बोलण्याचा दोष पुरुषाच्याच माथी मारतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यात पुरुष १,२२,७२४. म्हणजे दहांतले सात. राज्यांमध्ये सर्वांत वर महाराष्ट्र : २२,७४६. आणि देशभरातल्या एकूण आकड्यात चौथ्या हिश्श्याहून जास्त लोक रोजंदारीवर पोट भरणारे. त्यांच्या कामावर ना एच. आर. असतो, ना सभागृह.

चाकण घ्या, वाळूज घ्या. लातूर-परभणीकडून आयटीआय करून आलेला मुलगा ठेकेदाराच्या गेटपासवर आत शिरतो. राहायला एका खोलीत पाच-सहा जण, प्रत्येकाची शिफ्ट वेगळी, त्यामुळे खोलीतल्यांचीही धड गाठ पडते ती सुट्टीच्या दिवशी. वर्षात २४० दिवस भरले की कायद्याचं थोडंफार संरक्षण मिळू लागतं, म्हणून त्याआधीच, सहा-सात महिन्यांत, त्याला ‘ब्रेक’ दिला जातो. शेजारच्या मशिनवरच्याशी जरा सूत जुळतं आहे तोवर हा बाहेर. मग नवी कंपनी, नवी लाइन, नवा सुपरवायझर, आणि तोही हाक मारतो ती ‘ए, ठेकेदारवाल्या!’ अशी. ज्याला कामावर नाव नाही, त्यानं मनातलं कुणाला सांगायचं?

मुंबईच्या गिरणगावात हे असं नव्हतं. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार गावकीच्या खोल्यांमध्ये दाटीवाटीनं राहत, एकाच खाणावळीत जेवत, एकाच खात्यात काम करत. भजनी मंडळ होतं, व्यायामशाळा होती. त्या दिवसांची आरती मला ओवाळायची नाही. दारू होती, मारामाऱ्या होत्या, आणि गावी एकटीनं घर-शेत ओढणाऱ्या बायकांना त्याची किंमत मोजावी लागली. पण पाळीला न आलेल्या माणसाची चौकशी करायला कुणीतरी खोलीवर येई. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि त्यांतले अनेक पुन्हा गिरणीत परतलेच नाहीत. मजुरी बुडाल्याचा हिशेब पुष्कळांनी मांडला. चौकशी करणारी माणसं गेली, त्याचा हिशेब कुठल्या मागणीपत्रात होता?

अशी चौकशी पुन्हा उभी करता येते. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमध्ये, बांधकाम मजुरांच्या आत्महत्यांनी हादरलेल्या त्या उद्योगानं २००८ मध्ये ‘मेट्स इन कन्स्ट्रक्शन’ हा उपक्रम सुरू केला. त्यांनी साइटवरच्या माणसांनाच शिकवलं. शेजारी काम करणारा गप्प झाला, चिडचिडा झाला, तर काय बघायचं, काय विचारायचं, कुणाकडे न्यायचं. त्यातले तयार होतील ते पुढचं प्रशिक्षण घेतात. प्रशिक्षित माणसाच्या हेल्मेटवर स्टिकर असतो, म्हणजे याच्याशी बोलता येईल हे कुणालाही न विचारता कळतं. गवंडी गवंड्याजवळ बोलतो, क्रेनवाला क्रेनवाल्याजवळ. यात न जमण्यासारखं काय आहे? आपल्याकडे हेल्मेट आहेत, माणसं आहेत. सुपरवायझरला उत्पादनाचं टार्गेट देता, तसंच हाताखालच्या प्रत्येकाचं नाव माहीत असण्याचं आणि गैरहजर माणसाला ‘का रे, बरा आहेस ना?’ असा फोन करण्याचं कामही द्या.

कायदा आपल्याकडे वाईट नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं विम्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराइतकंच मानायला सांगितलं. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा द्यायची नाही, हेही त्याच कायद्यात आहे. अडतं ते खाड्यापाशी. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जायचं तर एक दिवस मोडतो, मजुरी जाते, वर महिन्याचा हजेरी भत्ताही बुडतो. गोळ्या फुकट मिळाल्या तरी त्या आणणं परवडत नाही. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे आणि गावी आई-बापाचं औषधपाणी आहे, तो खाडा करायचा की कळ सोसायची याचा निर्णय दर वेळी एकच घेतो. याला पुरुषी अहंकार म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

तेव्हा कंपन्यांनी पुढच्या १० ऑक्टोबरच्या आत एवढं करावं. ठेकेदाराच्या कंत्राटात उपचारासाठीची भरपगारी सुट्टी लिहून घ्यावी, आणि त्या दिवसाचा हजेरी भत्ता कापू नये. कँटीनमध्ये कंत्राटी माणसाचं टेबल वेगळं असेल तर ते आजच हलवावं. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आणि मराठीतही चालते. तो क्रमांक प्रत्येक गेटपासच्या मागे छापावा. आणि मोबाइल गेटवर जमा करून घेत असाल, तर जेवणाच्या सुट्टीत तो मागितल्यावर ‘कशाला हवाय?’ असं न विचारता परत द्यावा, आणि दार लावून फोनवर बोलता येईल अशी एक खोली काढून ठेवावी.