वेळापत्रक आमचं, शिट्टीही आमचीच

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टअखेरीस सुरू होतो आणि बड्या विद्यापीठांच्या दारी पैसे देऊन आणलेले पाहुणे येऊ लागतात. दहा-पंधरा लाख डॉलर घ्या, आमच्या मैदानावर या, लाखभर लोकांदेखत मार खा आणि चेक खिशात घालून सुखरूप घरी जा, असा रीतसर लेखी करार असतो. अशा संघाला तिकडे ‘कपकेक’ म्हणतात. यजमानाच्या खात्यात एक विजय जमा, पाहुण्याच्या क्रीडा विभागाचं वर्षाचं भागलं. याला लाच म्हणू नका, हे अर्थकारण आहे.

काही पाहुण्यांना मात्र रीतभात नसते. २००७ साली मिशिगननं चार लाख डॉलर मोजून ॲपलाचियन स्टेटला बोलावलं आणि त्यांनी यजमानांनाच ३४-३२ असं लोळवलं. पुढच्यास ठेच लागली तरी मागचा शहाणा झाला नाही. २०२२ मध्ये टेक्सस ए अँड एमनं त्याच संघाला पंधरा लाख दिले आणि १७-१४ असा पराभव विकत घेतला. महागाई म्हणतात ती हीच.

बाकी वेळापत्रकाचं काय सांगावं! ‘बिग टेन’ या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या संघांच्या गटात, १८ संघ आहेत. पॅसिफिकच्या काठावरचं स्टॅनफर्ड २०२४ पासून ‘ॲटलांटिक कोस्ट’ कॉन्फरन्समध्ये खेळतं. गणित आणि भूगोल ही खाती टीव्हीच्या कंत्राटाकडे गेली की असं व्हायचंच.

आणि पंच? तेही कॉन्फरन्सच नेमते, मानधन तीच देते, चुकले तर कान तीच पिळते. बहुतेक पंच आठवडाभर दुसरीकडे नोकरी करतात आणि शनिवारी शिट्टी फुंकायला येतात. २००६ मध्ये ओरेगन-ओक्लाहोमा सामन्यात पंच ओरेगनच्याच कॉन्फरन्सचे होते. शेवटच्या मिनिटांत त्यांनी ओक्लाहोमाचा चेंडू ओरेगनला बहाल केला. रिप्ले पाहिला, तरी निर्णय तोच. ओरेगन ३४-३३ नं जिंकलं. चूक कबूल झाली, पंचांना एका सामन्याची सक्तीची विश्रांती मिळाली आणि निकाल कायम राहिला. २०१५ मध्ये मायामी-ड्यूक सामन्याच्या शेवटच्या खेळीत चुकांवर चुका झाल्या. पंच दोन सामने घरी, निकाल कायम. वरातीमागून घोडं येतं हे ठाऊक होतं. इथे ते येऊन दिलगिरीचं पत्रकही काढतं.

प्रेक्षकांनीच मग न्यायदान हाती घेतलं तर नवल नाही. ऑक्टोबर २०२४, ऑस्टिन, टेक्सस विरुद्ध जॉर्जिया. यजमान टेक्ससविरुद्ध एक फाउल दिला गेला, तसा मैदानावर बाटल्यांचा पाऊस पडला. सफाई होईस्तोवर पंचांनी आपसांत चर्चा केली आणि फाउल मागे घेतला. नंतर कॉन्फरन्सनं टेक्ससला अडीच लाख डॉलरचा दंड ठोठावला. म्हणजे दाद मागायची फी ठरली. एवढं करून टेक्सस ३०-१५ असं हरलंच!

पण या सगळ्यांचे आजोबा १९९० सालचे. या खेळात दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. त्या ऑक्टोबरात मिसुरीच्या मैदानावर डाउनची पाटी बदलायची राहिली आणि कोलोरॅडोला पाचवी संधी मिळाली. तिच्यावरच त्यांनी गोल रेषा ओलांडली आणि सामना ३३-३१ असा मारला. मैदानावर सात पंच होते, पण चारपर्यंत मोजणारा एकही निघाला नाही. कोलोरॅडोच्या प्रशिक्षकांनी नंतर तक्रार केली ती मैदान निसरडं असल्याची! पंच निलंबित झाले, निकाल कायम राहिला. त्या मोसमाअखेर राष्ट्रीय विजेतेपदही कोलोरॅडोला मिळालं, जॉर्जिया टेकसोबत वाटून.

ज्यांची मुलं तिकडे एमएस करायला गेली आहेत त्यांनी त्यांना एवढंच कळवावं: शनिवारी स्टेडियमवर जाल तेव्हा डाउन स्वतः मोजा.