घरच्यासारखं, पण एसी लावून

मालवणहून तारकर्ली-देवबागच्या रस्त्याला लागलं की दर दुसऱ्या कुंपणावर पाटी दिसते : 'न्याहारी निवास. घरगुती जेवण मिळेल.' एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी आणि मे महिन्यात त्या पट्टीवर अर्धं पुणं, पाऊण मुंबई. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला १९९७ साली. पर्यटन महामंडळाने न्याहारी-निवासाची योजना आणली ती गावातल्या माणसाच्या हाती चार पैसे पडावेत म्हणून. पडतातही. योजनेबद्दल तक्रार नाही, पाहुण्यांबद्दल आहे.

पाहुण्यांना हवं असतं 'अगदी घरच्यासारखं'. म्हणजे मासे घरच्यासारखे आणि दरही घरच्यासारखा. बाकी सगळं हॉटेलसारखं. आपल्या घरी टाकी रिकामी झाली तर माणूस उठून मोटर लावतो. इथे टाकी रिकामी झाली की मालकाला फोन. तारेवर झावळ पडून वीज गेली की 'जनरेटर नाही? मग एवढे पैसे कसले घेता?' मालक बिचारा अंधारात मेणबत्ती शोधता शोधता माफी मागतो. झावळीच्या वतीने.

केंद्र सरकारच्या अशाच योजनेत नियम आहे : भाड्याच्या खोल्या एक ते सहा, खाटा फार तर बारा आणि मालकाने सहकुटुंब त्याच घरात राहायचं. घरात नेमकं कुठे राहायचं, ते नियमाने मालकावर सोडलंय. सीझनला एसी पाहुण्यांना आणि मागची पडवी मालकाला, सोबतीला मच्छर अगरबत्ती. मुलगा चार्जर हातात घेऊन प्लग मोकळा व्हायची वाट बघत बसतो. पाहुण्यांचे पाच मोबाइल आणि एक ड्रोन आधी चार्ज व्हायचे असतात.

न्याहारीची गंमत तर आणखी वेगळी. काळे वाटाणे आदल्या रात्री भिजत घालावे लागतात. आंबोळीचं पीठ संध्याकाळीच वाटून आंबायला ठेवावं लागतं. सकाळी वहिनी बिडाच्या तव्यावर नारळाच्या शेंडीने तेल फिरवतात, डावभर पीठ घालून झाकण ठेवतात, कडा सुटल्या की अलगद उलथतात. जाळीदार, लुसलुशीत आंबोळ्यांची चळत रचली जाते. शेजारी वाटाण्याचं सांबार, भाजलेल्या खोबऱ्याचा वास थेट अंगणापर्यंत. साडेदहाला पाहुणे उठतात, चळतीकडे बघतात आणि विचारतात, "वहिनी, पोहे नाहीत का? आणि छोट्याला मॅगी."

"देतंय हां," वहिनी म्हणतात आणि दुसरी चूल पेटवतात. नाही म्हणायची सोय नसते. पाहुणा पैसे एकदाच देतो, पण मोबाइलवर तारे देतो ते कायमचे राहतात. एवढं करून मिळतात तीन. 'जेवण उत्तम, माणसं प्रेमळ, पण रात्रभर समुद्राचा आवाज येतो.' समुद्राजवळची खोली मात्र यांनीच भांडून घेतलेली असते.

हा आजार फक्त आपलाच आहे असंही नाही. फ्रान्समध्ये ओलेरॉन बेटावर सुट्टीपुरतं घर घेतलेल्या शेजाऱ्यांनी मोरिस नावाच्या कोंबड्याचं आरवणं थेट कोर्टात नेलं. २०१९ साली निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला. पुढे २०२१ मध्ये खेड्यातले आवाज आणि वास हा वारसा आहे, असा कायदाच झाला. तिकडचा कोंबडा आता कायद्याच्या छत्राखाली आरवतो.

देवबागेत प्रकरण एवढं लांबत नाही. पाहुण्याने सकाळी डोळे चोळत तक्रार केली, "तुमचा कोंबडा पहाटे चारला ओरडतो हो. काहीतरी करा त्याचं." मालकाने शांतपणे मान डोलावली, खिशातून वही काढली आणि विचारलं, "रात्री जेवायला काय सांगू?"

"वडे-कोंबडी. गावठी हवी हं, ब्रॉयलर चालणार नाही."

तक्रारीचं निवारण त्याच दिवशी झालं. बिलात गावठीचा रेट वेगळा लागला.