ती खोटी सून तेवढी बरी होती

"अवो वहिनी, काल टीव्हीवर परत तो क्रिश लागला हुता. तिसरा. बघितला का?"

काकू शेवग्याच्या शेंगा द्यायला तारेपाशी आल्या होत्या. शेंगा त्यांच्याच हातात राहिल्या. मी म्हटलं, तिसरा कसा काकू, दुसरा कधी आला होता?

"त्येच की! मी पोराला इचारलं, तर म्हनतो, पयला 'कोई मिल गया', मग 'क्रिश', मग ह्यो. आता पयल्याच्या नावात क्रिश न्हाई, तरी त्याला पयला धरायचं. मोजदादीतच गोम हाय."

पोराचं बरोबर आहे. 'कोई मिल गया' आला ऑगस्ट 2003 मध्ये, 'क्रिश' जून 2006 मध्ये आणि 'क्रिश 3' 2013 च्या दिवाळीत, 1 नोव्हेंबरला. तिन्ही राकेश रोशनचे, तिन्हींत हृतिक. त्या दिवाळीत मी पुण्याला भावाकडं होते, त्यामुळं मोठ्या पडद्यावर बघितलेली अख्ख्या गल्लीत मी एकटीच. तेव्हापासून या विषयात मला थोडा मान आहे.

"मग सांगा, त्यो जादू कुटं गेला?"

हा प्रश्न काकू दर वेळी विचारतात. जादू म्हणजे पहिल्यातला तो निळसर, मोठ्या डोळ्यांचा परग्रहावरचा पाहुणा. ऊन मिळालं की अंगात बळ यायचं त्याच्या. तो मुखवटा घालून आत इंद्रवदन पुरोहित नावाचे नट वावरायचे, हे मी सांगितलं तर काकू म्हणाल्या, "आसू दे. मला त्यो जादूच वाटतो."

तिसऱ्यात जादू नाही. नुसता जादूच नाही असं नाही, ती रेखाआजीही कथेत नाही. पहिल्या दोन्ही सिनेमांची घरं तिनंच धरून ठेवली होती. पहिल्यात रोहित अंगानं वाढलेला पण बुद्धीनं लहान राहिलेला, आणि त्याच्यासाठी शाळेत जाऊन फादरशी बोलणारी ती आई. दुसऱ्यात नातवाची शक्ती कुणाला कळू नये म्हणून त्याला डोंगरात घेऊन राहणारी तीच आजी. तिसऱ्यात तिची आठवण काढायलाही कुणाला सवड नाही, कारण सुरुवातीलाच विमानाचं चाक अडकतं आणि क्रिशला ते आभाळात जाऊन सोडवायचं असतं.

"चाक सोडवलं त्ये बरं केलं," काकू म्हणाल्या, "पन पुढं काय? ते जनावरावानी मानसं. एकाची जीभ बेडकावानी लांब. आमचा नातू हसून हसून लोळला. त्याला इनोदी सिनेमा वाटला."

त्यांना सिनेमात 'मानवर' म्हणतात. चाकाच्या खुर्चीत बसलेला काल नावाचा खलनायक ते प्रयोगशाळेत तयार करतो. विवेक ओबेरॉय. मान आणि दोन बोटं सोडली तर अंग हलत नाही, पण नुसत्या मनानं लोखंड उचलतो. मुंबईत रोगाची साथ सोडतो आणि तिचं औषधही स्वतःच विकतो. साथ आणि औषध एकाच दुकानात, ही कल्पना वाईट नव्हती. पण इंग्रजी 'एक्स-मेन' बघितलेल्याला ती खुर्ची आणि ते उडणारं लोखंड कुठून आलं ते लगेच कळतं.

इतक्यात गुरुजी आले. निवृत्त आहेत, रस्त्यानं जाताना कुणाचंही बोलणं अर्धवट ऐकून पूर्ण करतात. म्हणाले, "परग्रहावरून आलेल्या मुलाची गोष्ट नारळीकरांनी 'प्रेषित'मध्ये केव्हाच लिहून ठेवली आहे. त्यात एक तरी इमारत पडते का?"

"गुरुजी, इमारती पडल्या म्हनून तर लोकं गेली बघायला," काकू म्हणाल्या. हेही खरंच. सिनेमानं पैसा रग्गड मिळवला. न आवडलेला सिनेमा चालत नाही असं कोण म्हणतं?

मग काकू तारेला टेकल्या. आवाज खाली आला, म्हणजे मूळ मुद्दा निघणार.

"मला त्यातली एकच गोष्ट आवडली. ती काया. कंगना. खऱ्या सुनंला उचलून नेतात आन तिचं रूप घेऊन ही घरात येऊन ऱ्हाते. नवऱ्याला सांगतात पोटातलं पोर गेलं. त्यो बिचारा तिला जपतोय, हिला तसं कुनी कधी जपलंच न्हाई, तर हिचंच काळीज पाघळतं. वहिनी, ह्येच्यावर आख्खा सिनेमा हुतो का न्हाई?"

होतो की. तेवढ्या भागात माणसं बोलतात, जेवतात, एकमेकांकडं बघतात. कायाला प्रयोगशाळेत बनवलंय, घर म्हणजे काय ते तिला पहिल्यांदा कळतं. पण तिचं खरं रूप उघडं पडलं की दिग्दर्शकाला परत मारामारीची घाई. काल तिला मारून टाकतो, रोहित स्वतःचा जीव देऊन पोराला उठवतो, पोरगा कालला संपवतो. दहा वर्षं ज्याला वाढताना बघितलं तो रोहित गेला आणि मला रडूही आलं नाही. पुढं आणखी काय काय फुटणार होतं, त्याचाच आवाज कानात होता.

यावरून गुरुजींना 'टर्मिनेटर' आठवला. त्यांचा नातू हिंजवडीला असतो, त्यानं त्यांना तो दाखवलाय. 1984 पासून 2019 पर्यंत सहा सिनेमे. गुरुजींनी शेवटच्याची, 'डार्क फेट'ची गोष्ट सांगितली. ज्या जॉन कॉनरला वाचवण्यासाठी आधीचे सिनेमे झाले, त्याला सुरुवातीलाच यंत्रमानव येऊन गोळ्या घालतो. पुढं तोच यंत्रमानव टेक्सासात कार्ल नाव घेऊन राहतो, एका बाईला आणि तिच्या मुलाला सांभाळतो.

"आन करतो काय?"

"घरांच्या पडद्यांचा धंदा."

काकूंना शेंगा खाली ठेवाव्या लागल्या. "खून करून पडद्याचं दुकान! आन त्या बाईला कधी कळलं न्हाई, ह्यो मानूस न्हाई म्हनून?"

"बाकी सिनेमा जुनंच परत दळलेलं," गुरुजी म्हणाले, "पण तो म्हातारा श्वार्झनेगर पडद्याच्या कापडाबद्दल बोलायला लागला की मी सावरून बसलो."

बघा, म्हणजे तिकडंही तेच. कोट्यवधी खर्चून यंत्रं आपटली आणि लक्षात राहिला तो संसार.

आता चौथा येणार म्हणतात. 2025 च्या मार्चमध्ये राकेश रोशननं जाहीर केलं की दिग्दर्शन हृतिकच करणार. मी हे सांगितल्यावर काकूंनी तिथल्या तिथं गोष्ट रचली. क्रिशचं पोर मोठं झालंय. घरात परत कुणीतरी खोटं माणूस शिरतं, या वेळी थेट सासूच्या रूपात. यंत्र लावून बघतात, रक्त तपासतात, सगळं जुळतं. ओळखते ती फक्त आजी.

"कशावरून?" गुरुजी.

"भाकरीवरनं. रूप घेता येतं, थापता येत न्हाई."

"म्हणजे कोट्यवधी रुपयांचा सिनेमा भाकरीवर फिरवायचा?"

"तुमी नगा येऊ बघायला. वहिनी, धरा ह्या शेंगा. पालखी यायच्या आत एकदा त्यो पयला लावा तुमच्याकडं, आमच्या नातवानं जादू नीट बघितलाच न्हाई."