मातीचा टायबेरियस

सोन्याची जुनी नाणी जमवणाऱ्या माणसाला हळूहळू सगळ्या जगाचाच संशय यायला लागतो. कुणी कौतुकानं तळहातावर गिनी ठेवली, की ‘वा!’ म्हणायच्या आधी आमचा अंगठा तिच्या कडेवरून फिरतो. ओतीव नकलेला कडेला बारीक शिवण राहते, भिंगाखाली टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. मग खिशातून काटा निघतो. वजन ७.९८ ग्रॅम, व्यास २२ मिलिमीटर, जाडी दीड. तेही जुळलं तर पाण्याचा पेला काट्यावर ठेवून, काटा शून्यावर आणून, गिनी दोऱ्यानं पाण्यात लोंबती सोडायची, तळाला टेकू द्यायची नाही. काटा ०.४५च्या आसपास थांबला की जीव भांड्यात पडतो. पितळ असेल तर तोच आकडा जवळजवळ दुप्पट. हा सोहळा यजमानांच्या डोळ्यांदेखत चालतो, त्यामुळे आम्हाला जेवायला थांबण्याचा आग्रह सहसा होत नाही.

पण आम्ही पडलो धाराशिवकडचे. ठोकून बघण्याची रीत आमच्या तेरचीच. संतमेळ्यात मुक्ताबाईनं विचारलं आणि गोरोबाकाकांनी थापटणं उचलून एकेका संताच्या डोक्यावर हाणत कोण पक्कं, कोण कच्चं ते सांगितलं, अशी कथा आहे. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. नाणं निदान रागावत तरी नाही. पण त्याचा मालक रागावला, की मी मनातल्या मनात कच्च्याकडे खूण करतो.

याच तेरला नकली नाण्यांची फार जुनी परंपराही आहे. तेर म्हणजे पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी वाटाड्यातलं तगर, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं. इथलं कापड भडोचच्या बंदराकडे जायचं आणि रोमचं सोनं हिंदुस्थानात यायचं. पाच कोटी सेस्टर्स दरसाल हिंदुस्थान गिळतो, म्हणून तिकडे रोमन लेखक प्लिनी कुरकुरत होता. आता सोनं सगळ्यांच्या गळ्यात कुठून येणार? तेव्हा कुणी तरी रोमन नाण्याचा ठसा मातीवर घेतला, ओवायला जागा ठेवली, भाजलं. असली मातीची पदकं तेरला सापडली आहेत. टायबेरियस बादशहाला आपण तेरणेकाठी कुणाच्या गळ्यात लटकतोय याचा पत्ताही नसेल. आणि यात फसलं कोण? कुणीच नाही. माती आहे हे घालणाऱ्यालाही ठाऊक होतं.

म्हणून माझं मत असं, की आधी नाणं तपासू नये, त्याच्याबरोबर आलेली गोष्ट तपासावी. ‘पाया खणताना हंडा लागला, साहेब, तुम्ही म्हणून दाखवतो,’ ही गोष्ट साऱ्या महाराष्ट्रात फिरते. नमुन्याचं पहिलं नाणं खरं असतं, सोनारसुद्धा पास करतो. उरलेला हंडा पितळेचा. अशा वेळी मी १८७८चा निखात निधी कायदा काढतो. दहा रुपयांच्या वर ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, चला, मीही येतो. हंडा तिथल्या तिथे परत गाडला जातो. शिवरायांच्या होनाची तर बातच सोडा. पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचं ते इवलंसं नाणं, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. सुट्टी पडली की ज्याच्या-त्याच्या पणजोबांच्या पेटीत तो निघतो, आणि प्रत्येक होनावर सगळी अक्षरं अगदी टिंबाटिंबासकट मधोमध बसलेली! हातानं ठोकलेल्या नाण्यावर ठसा इतका शिस्तीत पडत नाही.

घरातलं प्रकरण मात्र नाजूक आहे. बायकोच्या माहेरच्या पुतळ्यांच्या माळेकडे माझं लक्ष बरीच वर्षं होतं. पुतळी म्हणजे मूळ व्हेनिसचं डुकाट, साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोनं. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख. आपल्या सोनारांनी त्याच्या भरपूर नकला पाडल्या. लॅटिन येत नसल्यामुळे अक्षरांच्या नुसत्या काड्या झाल्या. एका लग्नाच्या सकाळी माळ हातात आली, तेव्हा मी भिंग लावलं. काड्याच होत्या.

“नकली आहे,” मी म्हणालो.

“सोनं?”

“सोनं चोख दिसतंय. अक्षरं खोटी आहेत.”

“मग आणा इकडे. अक्षरं वाचायला कोण येतंय? गाडी उभी आहे खाली.”