बाटली अर्धी भरून नेणे

लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की माणसं प्रोसेसरबद्दल बोलतात, रॅम किती म्हणून विचारतात. या सगळ्या विश्वासावर घ्यायच्या गोष्टी. दुकानदार म्हणतो, आत सोळा जीबी आहे. आपण मान डोलावतो. बत्तीस म्हणाला असता तरी मान तेवढीच डोलली असती. कुणाही साध्या माणसाला स्वतःच्या हाताने पारखता येईल अशी या यंत्राची एकच गोष्ट आहे, ती म्हणजे वजन. आणि दुकानात नेमकं तेच पारखता येत नाही.

कारण शोरूममधला प्रत्येक लॅपटॉप टेबलाला बांधलेला असतो. मागून एक वेटोळी तार आलेली असते. उचलायला गेलं की ती ताणली जाते आणि कुठेतरी भोंगा वाजतो. मग गणवेशातला मुलगा लगबगीने येऊन अदबीने सांगतो, "सर, हात लावून बघा ना, फक्त उचलू नका." उचलून नेता यावी म्हणून जी वस्तू घ्यायला आलो, तिची उचलण्यापुरतीच बंदी. वजन किती, असं विचारलं की तो पाटीकडे बोट दाखवतो. पाटीवर लिहिलेलं असतं, '१.४ किलोपासून पुढे'. कुठपर्यंत पुढे, ते पाटीलाही ठाऊक नसतं.

ज्यांना स्वतःच्या गाडीतून ऑफिसला जायचंय, त्यांना ही रड समजायची नाही. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणाऱ्याला पाठीवरची सॅक छातीवर घ्यावी लागते आणि पुढचा तासभर तिच्यावर हात बांधून उभं राहावं लागतं. वरच्या रॅकची सोय आहे. पण रॅकवर चढताना आणि उतरताना सॅक पाच अनोळखी हातांतून फिरते आणि त्यातला एक तरी विचारतोच, "काय हो, दगड भरलेत का?" शाळेच्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, असं केंद्र सरकारचं २०२० सालचं धोरण सांगतं. माणूस नोकरीला लागला की हे संरक्षण संपतं.

प्रत्येक घराण्यात संगणकातला एक जाणकार असतो. आमच्याकडे भाचा आहे.

"मामा, गेमिंग करणारेस?"

"नाही."

"व्हिडिओ एडिटिंग?"

"नाही रे."

"मग करतोस काय लॅपटॉपवर?"

"मुद्रितं तपासतो."

फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "असं कर, आत्ता घेऊच नकोस. दिवाळीनंतर नवीन चिप येतेय."

हे वाक्य ऐकलं की मला अ‍ॅडम ऑस्बर्न आठवतो. संगणक उचलून नेता येतो, ही गोष्ट ज्यांनी बाजारात चालवून दाखवली त्यांत हा माणूस अगदी पुढचा. त्याचं बालपण गेलं तमिळनाडूत, तिरुवण्णामलैला. वडील आर्थर ऑस्बर्न हे रमण महर्षींचे भक्त. त्यांनी महर्षींचं चरित्रही लिहिलं. महर्षींचा सगळा संसार म्हणजे कौपीन, कमंडलू आणि काठी. अपरिग्रहाच्या इतक्या जवळ वाढलेल्या या मुलाने पुढे अमेरिकेत १९८१ साली जो 'ऑस्बर्न १' आणला, त्याचं वजन अकरा किलो होतं. पडदा पाच इंचांचा, म्हणजे आजच्या फोनहूनही लहान. आत बॅटरी नव्हती; जिथे नेऊ तिथे भिंतीत भोक असलं पाहिजे. विमानातल्या आसनाखाली मावेल, ही त्याची मोठी जाहिरात. पेटीला एक मूठ होती आणि मूठ होती म्हणून ते पोर्टेबल. किंमत १७९५ डॉलर. लोकांनी उड्या टाकून घेतला.

मग १९८३ साली ऑस्बर्नसाहेब पुढच्या, याहून चांगल्या यंत्राबद्दल बोलू लागले. ते यंत्र तयार व्हायचं होतं, पण विक्रेत्यांनी आणि गिऱ्हाइकांनी विचार केला, नवं येतंय तर हे कशाला घ्या? हातातला माल पडून राहिला आणि त्याच वर्षी कंपनीने दिवाळं काढलं. बुडायला इतरही कारणं होती असं आता म्हणतात, पण व्यापाराच्या पुस्तकांत त्या प्रकाराला 'ऑस्बर्न परिणाम' हे नाव कायमचं चिकटलं. ऑस्बर्न पुढे भारतात परतला आणि २००३ साली कोडाइकनालला वारला. माझा भाचा हा त्या परिणामाचा चालताबोलता प्रचारक आहे. एक कंपनी काय, त्याचं ऐकलं तर सगळ्याच बुडतील. दिवाळीनंतर चिप आली की तो गुढीपाडव्याचं सांगणार.

तेव्हा भाच्याला बाजूला ठेवलं आणि वजनाकडे वळलो. जुन्या लॅपटॉपचं नेमकं वजन कळल्याशिवाय नव्याने हलकं काय होणार हे कसं कळावं? स्वयंपाकघरातला काटा फार तर रव्याच्या लाडवांपुरता. रविवारी रद्दीवाला आला, तेव्हा त्याच्या काट्याच्या आकड्याला मी ऑफिसची सॅक जशीच्या तशी अडकवली. भरली सहा किलो. रद्दीवाल्यालाच त्यात रस आला आणि तो एकेक वस्तू काढून वेगळी तोलू लागला. लॅपटॉप दोन किलो दोनशे. चार्जर आणि त्याची दोरखंडासारखी वायर मिळून अर्धा किलो. पाण्याची भरलेली बाटली सव्वा किलोला जरा कमी. डबा एक किलो, त्या दिवशी उसळ होती. छत्री, सॅकचं स्वतःचं वजन, किल्ल्या, आणि तळाशी गेल्या पावसाळ्यापासून पडून असलेलं एक कुलूप.

एक किलोच्या आतला लॅपटॉप मिळतो. मी बघत होतो त्या १.४ किलोवाल्यापेक्षा तो तीस हजारांनी महाग होता. चारशे ग्रॅमला तीस हजार म्हणजे ग्रॅमला पंचाहत्तर रुपये. सराफाकडे पैसे मोजले की ग्रॅम निदान आपल्या हाती येतात. इथे ते हाती न येण्याचे पैसे. मी हा हिशेब कागदावर मांडत होतो, तेव्हा बायको बाटलीकडे बघून म्हणाली, "ही अर्धी भरून नेत जा. ऑफिसात पाणी नाही का? अर्धा किलो फुकटात कमी." एवढं साधं उत्तर कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही.

चार्जरचं मात्र खरोखर काही करावं लागतं. पाटीवरच्या वजनात तो धरलेला नसतो. शिवाय जुन्या चार्जरच्या तीन पिनांतली जाडी पिन रेल्वेच्या डब्यात आणि लॉजवर हमखास अडते. मग आपण दोन पिनांचं जुगाड लावतो आणि धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला हात टेकला की बारीक झिणझिण्या येतात. भूत नव्हे, अर्थिंग नाही म्हणून. टाइप-सी तोंडाचा चार्जर घेतला तर तो मुठीत मावतो आणि त्यावर फोनही भागतो. तेवढीच एक डबी सॅकमधून कमी.

बाकी मला हवा होता तो कळफलक. साडेपंधरा इंची यंत्रांत उजवीकडे आकड्यांचा वेगळा गठ्ठा असतो, त्यामुळे अक्षरं डावीकडे सरकतात आणि माणूस दिवसभर तिरका बसतो. ज्याला जमाखर्च मांडायचा नाही त्याने हे ओझं का वाहावं? चौदा इंचीत अक्षरं मधोमध येतात. पडदा जरा उंचेला असला, सोळाला दहा या मापाचा, तर पानाच्या चार ओळी जास्त दिसतात आणि मुद्रितं तपासणाऱ्याला चार ओळी म्हणजे चैन. दुकानात मी इन्स्क्रिप्ट या मांडणीने मराठी लिहून बघू म्हटलं, तर मराठी चालूच केलेली नव्हती. मग नुसतीच बोटं चालवली. क लिहायला के, प लिहायला एच, जोडाक्षरासाठी पाय मोडायला डी. पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरं उमटत गेली आणि तो गणवेशातला मुलगा काळजीने बघत राहिला. कळा मात्र छान दबत होत्या.

घेतला. १.४ किलोवाला, चौदा इंची, चार्जर मुठीतला. बिल होताना मुलाने खालच्या कपाटातून एक काळी, चहूबाजूंनी गादी भरलेली बॅग काढली. "सर, ही कंपनीकडून भेट." नाही म्हणायचं सुचलं नाही; फुकटची वस्तू नाकारण्याचं शिक्षण आपल्याकडे कुणाला मिळत नाही. रविवारी ती रिकामी बॅग काट्याला लावली. नऊशे ग्रॅम. मी रद्दीवाल्याला म्हटलं, तूच घेऊन जा.

"नको साहेब," तो म्हणाला, "अशा चार घरी पडल्यात."