पुलमनसाहेब, त्या खिडक्या तुम्हीच बंद केल्यात

श्री. फिलिप पुलमन यांस,
मु. ऑक्सफर्ड.

पत्राच्या माथ्यावर 'सप्रेम नमस्कार' लिहायची आमच्याकडे रीत आहे. हे पत्र आरोपीला लिहिलेलं आहे, म्हणून ती रीत मी बाजूला ठेवते. आरोप असा की 2000 साली 'द अ‍ॅम्बर स्पायग्लास'च्या शेवटी तुम्ही लायरा आणि विल या दोन मुलांची कायमची ताटातूट केलीत. आणि त्यानंतर वाचकांनी जाब विचारला, की कथेकडे बोट दाखवून तुम्ही नामानिराळे होत आलात. पहिल्या गुन्ह्याची मला शिक्षा नको आहे. दुसऱ्याची हवी आहे.

हे पत्र उघडं असल्यामुळे ज्यांनी ही पुस्तकं वाचलेली नाहीत त्यांच्याही हाती पडेल, म्हणून हकिकत थोडक्यात सांगते. 'हिज डार्क मटेरियल्स' ही तुमची तीन कादंबऱ्यांची मालिका. 1995 साली 'नॉर्दर्न लाइट्स', 1997 साली 'द सटल नाइफ' आणि मग हा तिसरा खंड. लायराचं ऑक्सफर्ड आपल्या ऑक्सफर्डसारखंच, पण दुसऱ्याच एका जगातलं. तिथे माणसाचा जीव प्राण्याचं रूप घेऊन शरीराबाहेर, त्याच्या सोबतीनं वावरतो. त्याला डेमन म्हणतात. लायराच्या डेमनचं नाव पॅन्टलायमन, लाडानं पॅन. विल मात्र आपल्याच जगातला मुलगा. त्याच्या हाती एक सुरी येते, जगांमधला पडदा चिरून खिडकी उघडणारी. ती मिळवताना त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं जातात. ही दोघं पुढे मेलेल्यांच्या प्रदेशात उतरतात, तिथे कोंडून पडलेल्या जिवांना सुरीनं वाट करून देतात, जगून वर येतात आणि एकमेकांच्या प्रेमात पडतात. त्यानंतर तुम्ही त्यांना सांगता की सगळ्या खिडक्या बंद करायच्या आणि ज्यानं त्यानं आपापल्या जगात परत जायचं. पुन्हा भेट नाही.

शेवट चुकला, असं मी म्हणत नाही. तो गोड केला असतात तर पुस्तक कोसळलं असतं, हे मला मान्य आहे. 2001 सालचं व्हिटब्रेड 'बुक ऑफ द इयर' या पुस्तकाला मिळालं, मुलांच्या पुस्तकाला तो मान पहिल्यांदाच मिळाला, त्यातही या शेवटाच्या धैर्याचा वाटा असणार. माझं भांडण तुमच्या जबानीशी आहे. मुलाखतींत आणि वाचकांशी बोलताना तुम्ही सांगत आलात की हे टाळायच्या वाटा मी शोधून पाहिल्या, पण कथेला दुसरा शेवट मान्य नव्हता. तुमचा इलाज चालला नाही, असा त्याचा अर्थ. बारा-तेरा वर्षांचं पोर रडून लाल झालेल्या डोळ्यांनी 'का?' असं विचारतं, आणि तुम्ही त्याला 'कथेची मर्जी' असं सांगता. मोठ्या माणसानं मुलाला देऊ नये असं हे उत्तर आहे, आणि तुम्ही तर कित्येक वर्षं ऑक्सफर्डच्या शाळांत मुलांना शिकवलं आहे.

कथेची मर्जी म्हणजे काय, ते तपासू. सुरी तुमची. ज्या धुळीभोवती ही सारी मालिका फिरते, जाण आलेल्या जिवांकडे जी ओढली जाते, ती धूळही तुमची. प्रत्येक उघड्या खिडकीतून ही धूळ गळून जाते, हा नियम तुमचा. परक्या जगात माणूस दहाएक वर्षांपलीकडे धडपणे जगत नाही, हाही तुमचाच. या दुसऱ्या नियमाबद्दल तक्रार नाही, कारण तो तुम्ही आधी पेरलात. विलचे वडील जॉन पॅरी लायराच्या जगात अडकून कसे खंगत गेले, ते दुसऱ्या खंडात आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. पण सुरीनं खिडकी उघडली की दर वेळी एक नवा स्पेक्टर जन्माला येतो, मोठ्या माणसांचं मन खाऊन टाकणारं ते भूत, हे आम्हाला कधी कळतं? मुलं एकमेकांची झाल्यावर. झाफानिया नावाची देवदूत येते आणि विमा पॉलिसीच्या शेवटच्या पानावरचं बारीक टायपातलं कलम वाचावं तसं ते सांगते. ते कलम तिथे कोणी घातलं? झाफानियाही तुमचीच आहे.

आणि मग ती एक खिडकी. साऱ्या पुस्तकात मला सगळ्यात जास्त लागलेली जागा ती आहे. झाफानिया सांगते की माणसं नीट वागली, शिकली, एकमेकांना शिकवत राहिली, तर एका खिडकीपुरती धूळ भरून निघेल, एक खिडकी उघडी ठेवता येईल. दोन्ही मुलांच्या जिवात जीव येतो. एकच तर हवी आहे! आणि लगेच दोघांच्याही ध्यानात येतं की ती एक तर आधीच दिलेली आहे. मेलेल्यांच्या प्रदेशातून बाहेर पडायची वाट बंद कशी करायची? त्या लाखो जिवांना शब्द दिला तो ह्यांनीच. कुणी सक्ती करत नाही. दोघं स्वतः नको म्हणतात. विल दहा वर्षं तुझ्या जगात येऊन राहतो म्हणतो, लायरा मी तुझ्याकडे येते म्हणते, आणि दुसऱ्याला झिजून मरताना बघणं दोघांनाही नको असतं. आधी आशा दाखवायची आणि मग ती मुलांच्या स्वतःच्या हातानं विझवायची, ही योजना आहे. ती आपोआप होत नाही. कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलं आहे की अमुक ओळीवर आशा द्यायची आणि तमुक ओळीवर काढून घ्यायची. एवढं नेमकं काम करणाऱ्या माणसानं 'माझा इलाज नव्हता' म्हणावं?

पात्रं हाताबाहेर गेली, कथेनं आपली वाट आपण शोधली, हे आम्ही मराठी वाचकांनीही व्यासपीठावरून पुष्कळ ऐकलं आहे. बरे बरे लेखक असं बोलतात आणि टाळी घेतात. मला ते कधीच पटलेलं नाही. डिकन्सनं 1861 साली 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा शेवट बुल्वर-लिटन या मित्राच्या सांगण्यावरून बदलला. कथेची मर्जी इतकी अटळ असेल तर ती एका मित्राच्या सल्ल्यापुढे वाकते कशी? कॉनन डॉयलनं 1893 साली शेरलॉक होम्सला कड्यावरून घालवलं ते त्याला इतर लेखनासाठी मोकळं व्हायचं होतं म्हणून, आणि ते त्यानं लपवून ठेवलं नाही. वाचक चिडले, पण मारणारा कोण हे त्यांना माहीत होतं. तुमच्याच घरातलं उदाहरण द्यायचं तर 2007 चा 'द गोल्डन कंपास' हा चित्रपट. पहिल्या खंडाच्या शेवटी लायराचा मित्र रॉजर मरतो. चित्रपटवाल्यांनी तो भाग चित्रित करूनही गाळला आणि चित्रपट हसतमुखानं संपवला. तेव्हा कथा उठून त्यांच्या आड आली नाही. शेवट माणसं ठरवतात. ठरवण्यात कुणी धीट असतं, कुणी भित्रं.

आता खरी साक्ष काढते, आणि ती तुमचीच आहे. 1998 साली तुम्ही 'गार्डियन'मध्ये सी. एस. लुईस यांच्या नार्निया या मुलांच्या पुस्तकमालिकेवर लेख लिहिलात. 1956 च्या 'द लास्ट बॅटल'मध्ये लुईस यांनी मुलांना रेल्वेच्या अपघातात मारलं आणि हीच आनंदाची सुरुवात, असं वाचकांना सांगितलं. त्या मुलांच्या बहिणीला, सुझनला, तर त्या आनंदातूनही वगळलं, कारण तिला लिपस्टिक आणि नायलॉनचे मोजे आवडायला लागले होते, म्हणजे ती मोठी व्हायला लागली होती. तुम्ही यावर इतक्या कडक शब्दांत लिहिलंत की नार्नियाचे भक्त अजून तुमच्यावर दात धरून आहेत. मी तेव्हाही तुमच्या बाजूची होते आणि आजही आहे. पण त्या लेखात तुम्ही दोष कोणाला दिलात? लुईस नावाच्या माणसाला. जगण्याबद्दल त्याला काय वाटतं, मुलींच्या मोठं होण्याबद्दल काय वाटतं, हे त्या शेवटातून दिसतं, असं तुमचं म्हणणं होतं. 'कथेनं लुईसकडून करून घेतलं' असं एका अक्षरानंही तुम्ही म्हणाला नाहीत. लुईसनं तसं म्हटलं असतं तर तुम्ही ते ऐकून घेतलं नसतंत. मग स्वतःच्या शेवटाला हा नियम का नाही? सुझनचा हिशेब लुईसकडे मागायचा आणि लायराचा हिशेब कथेकडे पाठवायचा, हा न्याय नव्हे.

दुसरी साक्ष 'डेमन व्हॉइसेस' या 2017 च्या निबंधसंग्रहाची. तुमची ही भूमिका तर प्रसिद्धच आहे की वाचणं ही लोकशाही आहे आणि लिहिणं ही हुकूमशाही, लिहिताना लेखकाची सत्ता संपूर्ण असते. मला ही भूमिका मनापासून आवडली, कारण ती दोघांनाही मोठं करते. लेखकाला संपूर्ण सत्ता, वाचकाला संपूर्ण स्वातंत्र्य. पण मग तुम्हीच दुसरीकडे सांगता की लेखक हा कथेचा चाकर असतो. सत्ता गाजवताना हुकूमशहा आणि जाब द्यायच्या वेळी चाकर, असं दोन्ही एका माणसाला होता येत नाही. निदान ज्या माणसानं ही तीन पुस्तकं लिहिली त्याला तरी नाही.

कारण ही पुस्तकं कशाबद्दल आहेत? ऑथॉरिटी नावाचा एक म्हातारा देव, स्फटिकाच्या पालखीत ठेवलेला, इतका जर्जर की बोलताही येत नाही. त्याच्या नावावर सगळ्या जगांत माणसांना गप्प बसवलं जातं, मुलांना त्यांच्या डेमनपासून कापून वेगळं केलं जातं. 'का' विचारलं की उत्तर एकच, त्याची इच्छा. लायरा आणि विल ती पालखी उघडतात, त्याला हात देऊन बाहेर काढतात, आणि तो वाऱ्यात विरून जातो. तुम्ही आम्हाला शिकवलंत की 'त्याची इच्छा' या दोन शब्दांमागे बघा, तिथे कुणीतरी आपला कारभार चालवत असतो. मग 'कथेची इच्छा' म्हटल्यावर आम्ही मागे बघू नये असं तुम्हाला का वाटतं?

मेलेल्यांच्या प्रदेशाची राखण करणाऱ्या, पंख असलेल्या त्या हार्पी आठवा. लायरा त्यांना रचलेली गोष्ट सांगते तेव्हा त्या तिच्यावर तुटून पडतात. खरं सांगते तेव्हा गप्प बसून ऐकतात. पुढे करार होतो: प्रत्येक जिवानं आपल्या जगण्याची खरी हकिकत सांगायची, आणि त्या बदल्यात हार्पींनी त्याला बाहेरची वाट दाखवायची. हा करार तुम्ही लिहिलात. मी तुमच्याकडे एवढंच मागते आहे.

वाचकांनी या शेवटाचं काय केलं, तेही तुम्हाला ठाऊक आहे, कारण ते तुमच्याच गावात घडलं. 1621 साली स्थापन झालेल्या ऑक्सफर्डच्या बोटॅनिक गार्डनमध्ये, अगदी आतल्या अंगाला, एक लाकडी बाक आहे. पुस्तकात लायरा आणि विल ठरवतात की दर वर्षी मिडसमर डेला भर दुपारी आपापल्या जगातल्या त्या बाकावर एक तास बसायचं, एकमेकांच्या शेजारी असल्यासारखं. वाचक गेली कित्येक वर्षं तिथे जातात, बसतात, लाकडावर दोघांची नावं कोरतात. शेवटी 2019 मध्ये बाकामागे दोघांच्या डेमनचं शिल्प उभं राहिलं. कादंबरीतल्या एका परिच्छेदासाठी माणसं विमानाची तिकिटं काढून येतात. इतका जीव ज्यांनी लावला त्यांना खरं उत्तर मिळायला हवं.

आणि तुम्ही थांबला नाहीत. विल गेला त्याच सुमारास लायराकडून अलेथिओमीटर, म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देणारं तिचं यंत्र, वाचायची विद्याही काढून घेतलीत, आता जन्मभर ग्रंथ चाळून ती परत शिक म्हणालात. 2019 च्या 'द सीक्रेट कॉमनवेल्थ'मध्ये ती वीस वर्षांची होते, आणि तिच्यात अन् पॅनमध्ये इतकी तेढ येते की एक दिवस तोच तिला सोडून निघून जातो. स्वतःच्या जिवाशीच अबोला. हेही कथेनंच करवून घेतलं? वाचताना मला सारखं जाणवत होतं की इथे एक माणूस आहे, ज्याला मोठं होण्याची किंमत अगदी नीट मोजून दाखवायची आहे. ती किंमत इतकी जास्त का, हे मला त्याच माणसाकडून ऐकायचं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी पोरगी हात वर करून विचारेल, की लायराला आणि विलला वेगळं का केलंत, तेव्हा 'मी केलं' असं सांगा. कारणं सांगा. मला वाटतं ती तुमच्याकडे आहेत आणि पुरेशी आहेत: मेलेल्यांना दिलेला शब्द जिवंतांच्या सुखासाठी मोडता येत नाही, ज्याचं त्याचं जग त्यानंच नीट करायचं असतं, आणि पहिलं प्रेम हातातून गेलं तरी त्यानं दिलेली जाण जात नाही. ती पोरगी कदाचित भांडेल. भांडू द्या, वाचणं ही लोकशाही आहे असं तुम्हीच म्हणालात.

आणि माझ्यासाठी एक करा. टाळायच्या ज्या वाटा तुम्ही शोधल्यात, त्या कोणत्या होत्या ते सांगा. विल लायराच्या जगात आला आणि दहा वर्षं राहिला, असं कधी लिहून पाहिलंत का? किती पानांपर्यंत गेलात? दुसरी खिडकी उघडी ठेवून पाहिलीत का, आणि तिच्यासाठी धूळ कुठून आणणार होतात? नेमक्या कुठल्या वाक्याशी पेन खाली ठेवून 'हे नाही' म्हणालात? ते 'नाही' तुमचं होतं. त्याची हकिकत मला हवी आहे.

आपली,
लायराच्या बाजूची एक वाचक